व्यायामाचा नेम



जून महिन्यांत शाळा उघडते, तेव्हां नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण सुंदर अक्षरांत कांहीं संकल्प लिहितों. 'रोज पहांटे पांच वाजतां उठेन, शंभर बैठका व पन्नास जोर काढीन, एक तास धांवेन,' अशा प्रकारचा एक संकल्प त्यांत बहुधा असतोच. पहिल्या दिवशीं तो पार पडतो. दुसऱ्या दिवशीं मांड्या इतक्या दुखतात कीं, जिना उतरतांना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. तिसऱ्या दिवशीं पाऊस येतो, चवथ्या दिवशीं गणिताची परीक्षा असते, आणि पांचव्या दिवशीं त्या पानाकडे पाहण्याची लाज वाटून तें पान मुकाट्यानें उलटलें जातें. मग पुढील जूनपर्यंत त्याची आठवण होत नाहीं. आपल्या भाषेंत अशा मनुष्यास 'आरंभशूर' म्हणतात, आणि 'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण त्यालाच उद्देशून झाली असावी.

आम्हीही ह्या आरंभशूरांच्या पंक्तींत बसून आलों आहों; तेव्हां कोणाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, असा संकल्प मोडतो तो नेहमींच आळसामुळें मोडतो असें नाहीं. बहुधा तो मुळांत चुकीच्या रीतीनें बांधलेला असतो. पाया न घालतां उभारलेली भिंत पहिल्या पावसांत खचली, तर पावसास दोष देऊन काय उपयोग? व्यायामाचा नेम कसा बांधावा, आणि बांधलेला नेम वर्षानुवर्षें कसा राखावा, ह्याचा विचार आपण ह्या लेखांत करूं.

व्यायाम कशासाठीं?

व्यायाम म्हणजे पहिलवानाचा किंवा शिपायाचा धंदा, इतरांस त्याचें काय काम, अशी समजूत अजूनही पुष्कळ घरांतून आढळते. ह्या समजुतीस उत्तर म्हणून लंडन शहरांतील एक शोध सांगण्यासारखा आहे. तेथील दुमजली बसगाड्यांवर चालक दिवसभर एकाच जागीं बसून गाडी हांकीत, तर तिकिटें देणारा कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत असे. डॉक्टर जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या दोन्ही वर्गांच्या प्रकृतीचा अभ्यास करून १९५३ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, कंडक्टरांमध्यें हृदयविकाराचें प्रमाण चालकांहून कमी आहे. हे कंडक्टर कोणत्याही आखाड्यांत जाणारे मल्ल नव्हते. रोजच्या थोड्या थोड्या श्रमानें त्यांचें हृदय राखलें होतें.

दुसरा शोध अमेरिकेंतील डॅलस शहरांत १९६६ सालीं झाला. वीस वर्षें वयाच्या पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यांत आलें. तेवढ्या अवधींत श्रम करतांना प्राणवायु घेण्याची त्यांच्या शरीराची शक्ति चतुर्थांशाहून अधिक घटली. पुढें तीस वर्षांनीं, १९९६ सालीं, त्याच पांच जणांची पुनः तपासणी झाली. तेव्हां असें दिसून आलें कीं, तीस वर्षांच्या वयोमानानें झालेली हानि त्या तीन आठवड्यांच्या निजण्यानें झालेल्या हानीहून कमीच होती! त्यानंतर त्या पन्नाशींतील गृहस्थांकडून सहा महिने हळूहळू वाढविलेला व्यायाम करवून घेतला, आणि त्यांची ती शक्ति सरासरीनें विशीच्या आरंभीं होती तेथवर परत आली.

ह्या गोष्टीचें तात्पर्य लहान-थोर सर्वांनीं मनांत धरावें. न वापरलेलें शरीर फार लवकर गंजतें. परंतु तो गंज निघूं शकतो, आणि त्यासाठीं वयाची अट नाहीं. धाक वाटावा व आशाही वाटावी, असें दोन्ही ह्यांत आहे.

धाक वाटण्याचें आणखी एक कारण आहे. जगांतील शाळकरी मुलामुलींविषयीं जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनीं १४६ देशांची माहिती एकत्र केली, ती २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, २०१६ सालीं ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ८१ मुलें पुरेशी हालचाल करीत नव्हतीं. मुलग्यांत हें प्रमाण शेंकडा ७८ व मुलींत शेंकडा ८५ होतें. म्हणजे वर्गांत पांच विद्यार्थी घेतले, तर त्यांतील चार जण, अंथरुणावर नसले तरी, बांकावर आणि पडद्यापुढें खिळलेले आहेत.

आपली पायरी ओळखावी

नेम बांधण्यापूर्वीं आपण आज कोठें उभे आहों, हें प्रामाणिकपणें पाहावें. मित्र किती जोर काढतो, ह्याच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं. एक सोपी कसोटी सांगतों. दहा मिनिटें झपझप चालावें. चालतांना सोबत्याशीं बोलतां येतें, पण गाणें म्हणतां येत नाहीं, इतपत दम लागला म्हणजे तो मध्यम श्रम समजावा. दोन-चार शब्दांपलीकडे बोलतांच येईना, तर तो जोराचा श्रम होय. ज्यास दहा मिनिटांच्या साध्या चालण्यानेंच बोलवेनासें होतें, त्याची पायरी पहिली. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. वैद्यबुवा औषध देण्यापूर्वीं नाडी पाहतात, तसेंच हें आहे.

ज्यास दमा, हृदयाचा विकार, मधुमेह किंवा जुनी दुखापत आहे, त्यानें मात्र आरंभापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्यायाम करतांना छातींत दुखूं लागलें, घेरी आली, किंवा एखाद्या सांध्यांत तीव्र कळ आली, तर तत्काळ थांबावें व घरच्या माणसांस सांगावें. स्नायु दुखणें वेगळें आणि सांधा दुखणें वेगळें. पहिलें दोन-तीन दिवसांत आपोआप जातें, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करूं नये.

लहान आरंभ

प्राचीन ग्रीक लोकांत क्रोटोन नगराचा मायलो नांवाचा एक प्रसिद्ध मल्ल होऊन गेला. त्याजविषयीं अशी दंतकथा आहे कीं, तो एक वासरूं रोज खांद्यावर घेऊन चालत असे. वासरूं दिवसेंदिवस वाढत गेलें, तसतशी मायलोची शक्तिही वाढत गेली, आणि अखेरीस तो पूर्ण वाढलेला बैल उचलूं लागला. कथेंतील बैल खरा मानण्याची गरज नाहीं; परंतु तींतील तत्त्व आजचें शास्त्रही मान्य करतें. शरीरावर त्याच्या संवयीहून किंचित् अधिक भार पडला म्हणजे तें स्वतःस त्या भाराजोगें करून घेतें. आमच्या आरंभशूर मित्राची चूक एवढीच कीं, त्यानें पहिल्याच दिवशीं बैल उचलण्यास हात घातला.

म्हणून आरंभ इतका लहान असावा कीं, तो करावयास नको म्हणण्याची आपली आपणांसच लाज वाटावी. ज्यास कसलीच संवय नाहीं, त्यानें पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटें झपझप चालावें, याहून अधिक नको. दर दोन आठवड्यांनीं पांच पांच मिनिटें वाढवावीं. म्हणजे तिसऱ्या-चवथ्या आठवड्यांत पंधरा, पांचव्या-सहाव्यांत वीस, सातव्या-आठव्यांत पंचवीस, आणि नवव्या-दहाव्या आठवड्यांत तीस मिनिटें होतील. जूनच्या मध्यास आरंभ केलेला विद्यार्थी ऑगस्ट संपण्याच्या सुमारास अर्ध्या तासावर येतो, आणि वाटेंत त्यास कोठेंही मोठी उडी मारावी लागत नाहीं. थेंबे थेंबे तळें सांचतें, तें असें.

जोरांचेंही तसेंच. ज्यास जमिनीवर एकही जोर निघत नाहीं, त्यानें भिंतीपासून हातभर दूर उभें राहून, भिंतीवर तळवे टेकून, छाती भिंतीकडे न्यावी व परत यावें. हे दहा-बारा सहज जमूं लागले, म्हणजे भक्कम बांकाच्या किंवा ओट्याच्या कडेवर हात टेकून करावे. तेही साधले, म्हणजे जमिनीवर यावें. बैठकांचा आरंभ खुर्चीवर बसून-उठून करावा, आणि पाय दृढ झाले म्हणजे खुर्ची दूर करावी. ही शिडी आहे. हिच्या पायऱ्या गाळल्यास लवकर पोहोंचतां येत नाहीं, उलट पडण्याचेंच भय अधिक.

वेळ, स्थळ आणि खूण

'मी व्यायाम करीन' हा संकल्प अपुरा आहे. 'सकाळीं दांत घांसून झाले कीं, मी चप्पल बदलून बाहेर पडेन आणि पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत येईन,' हा संकल्प पुरा आहे. दोहोंतील भेद वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु तो किती मोठा आहे, हें ब्रिटनमधील एका प्रयोगानें दाखविलें आहे. तो २००२ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें अडीचशें महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यांत आले. एका गटास विशेष कांहीं सांगितलें नाहीं. दुसऱ्यास व्यायामाचे लाभ व न केल्यास होणारे धोके समजावून दिले. तिसऱ्यास तेंच समजावून, शिवाय पुढील आठवड्यांत व्यायाम कोणत्या दिवशीं, किती वाजतां व कोठें करणार, हें लिहून देण्यास सांगितलें. आठवड्याअखेर पाहतां, पहिल्या गटांतील शेंकडा ३८ जणांनीं एकदां तरी वीस मिनिटें जोमदार व्यायाम केला होता. दुसऱ्यांत शेंकडा ३५ जणांनीं. आणि तिसऱ्यांत शेंकडा ९१ जणांनीं! नुसता उपदेश ऐकून कोणी हललें नाहीं. दिवस, घटका आणि जागा लिहिली, तेव्हां पाय हलले. आमचा हा लेखही उपदेशच असल्यामुळें, ही गोष्ट आम्हीं नम्रपणें लक्षांत ठेविली आहे. म्हणून वाचकांनीं हा लेख मिटण्यापूर्वीं एक पेन्सिल जवळ घ्यावी, अशी आमची विनंति आहे.

नवा नेम एखाद्या जुन्या, न चुकणाऱ्या नेमास बांधून टाकावा, ही त्यांतील युक्ति. दांत घांसणें, शाळेंतून घरीं येऊन दप्तर ठेवणें, संध्याकाळची प्रार्थना किंवा दिवा लावणें, ह्या गोष्टी आपण विसरत नाहीं. त्यांतील एकीच्या शेपटीस व्यायाम बांधावा. सकाळच व्यायामास उत्तम, असा हट्ट नको. ज्या मुलीची सकाळ पाणी भरण्यांत व आईला हातभार लावण्यांत जाते, तिनें सायंकाळ निवडावी. जी वेळ रोज मिळते, तीच उत्तम वेळ. उन्हाळ्यांत मात्र दुपारचें ऊन टाळावें, व पाणी पिऊन बाहेर पडावें.

आठवड्याची वांटणी

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जी मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांप्रमाणें ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं सरासरीनें रोज ६० मिनिटें मध्यम ते जोराची हालचाल करावी, आणि आठवड्यांतून निदान तीन दिवस स्नायु व हाडें बळकट करणारा व्यायाम तींत असावा. प्रौढांनीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम व दोन दिवस शक्तीचा व्यायाम करावा. हे आंकडे पाहून कोणी घाबरूं नये. कांहींच न करण्यापेक्षां थोडें करणें बरें, असें त्याच तत्त्वांत स्पष्ट म्हटलें आहे. आणि शाळेस पायीं जाणें-येणें, मधल्या सुटींतील खो-खो, कवाईतीचा तास, हें सर्व ह्या हिशोबांत धरतां येतें.

उदाहरणादाखल, नववींतील एक विद्यार्थी आपण कल्पूं. त्याचें घर शाळेपासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे. तो रिक्षा सोडून पायीं झपझप जाऊं-येऊं लागला, कीं तीस मिनिटें तेथेंच झालीं. सोमवारीं, बुधवारीं व शुक्रवारीं घरीं आल्यावर दहा मिनिटें जोर-बैठका. मंगळवारीं व गुरुवारीं पटांगणावर अर्धा तास हुतुतू, फुटबॉल किंवा दोरीवरच्या उड्या. शनिवारीं दहा-बारा सूर्यनमस्कार किंवा अंग ताणण्याचे इतर प्रकार. रविवारीं घरच्या मंडळींबरोबर टेकडीपर्यंत फेरी. ज्यास नमस्कार रुचत नाहींत, त्यानें लेझीम घ्यावी. ज्या मुलीस लेझीम नको, तिनें फुगडी घालावी. दम वाढविणारा, शक्ति वाढविणारा आणि अंग लवचीक ठेवणारा, असे तीन प्रकार आठवड्यांत येऊन गेले म्हणजे झालें. प्रकार आवडीचा निवडावा. कारण ज्यांत रस नाहीं, तें काम फार दिवस टिकत नाहीं.

शक्तीच्या व्यायामांत एक दिवसाआड विश्रांति ठेवण्याचें कारण असें कीं, स्नायु बळकट होतो तो श्रमानंतरच्या विश्रांतींत. श्रम हें पेरणें आहे, विश्रांति हें उगवणें आहे. रोज जमीन उकरून पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं.

झोंप व अन्न

पौलानें करिंथ येथील मंडळीस जें पहिलें पत्र लिहिलें, त्यांत धांवण्याच्या शर्यतीचा दाखला दिला आहे. करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनीं मोठे क्रीडासामने होत असत; तेव्हां तेथील वाचकांस तो दाखला सहज पटला असेल. त्यांत पौलाचें बोट आहे तें शर्यतीच्या दिवसावर नव्हे, तर त्याआधींच्या सर्व गोष्टींतील संयमावर. व्यायामाचा नेम अर्ध्या तासांत संपत नाहीं. रात्रीं दिवा केव्हां मालवला, आणि ताटांत काय वाढलें, ह्यांतही तो चालू असतो.

१३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींस रोज ८ ते १० तास झोंप हवी. हातांत मोबाइल घेऊन मध्यरात्रीपर्यंत जागणाऱ्यानें पहांटे उठण्याचा संकल्प करूं नये. त्यानें प्रथम रात्रीं वेळेवर निजण्याचा करावा. अन्नासाठीं महागड्या डब्यांतील पुडींची गरज नाहीं. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, डाळ, शेंगदाणे, दूध, अंडें, हिरवी भाजी आणि ऋतुमानाचें फळ, एवढ्यावर वाढत्या वयाचें शरीर उत्तम पोसतें. आरशांत दंड किती फुगला, हें रोज पाहणाऱ्यास लवकर निराशा येते. जिना चढतांना दम लागत नाहीं, रात्रीं गाढ झोंप लागते, वर्गांत डुलकी येत नाहीं, हे लाभ मात्र थोड्याच आठवड्यांत हातीं येतात. पहिल्यापासून तेच मोजावे.

वही आणि सोबती

एक लहान वही ठेवावी. तींत तारीख, काय केलें, व किती मिनिटें, एवढेंच लिहावें. मोठमोठे विचार लिहूं नयेत; तसें केल्यास वही लिहिणें हाच एक जड व्यायाम होऊन बसतो. महिन्याअखेर पानें चाळलीं, म्हणजे आपण कोठून कोठें आलों हें दिसतें, आणि जें दिसतें तें टिकविण्याची इच्छा होते.

सोबती असल्यास उत्तम. दारांत कोणी वाट पाहत उभा आहे, हें ठाऊक असलें म्हणजे पांघरूण आपोआप दूर होतें. तालमींतून हेंच घडतें. तेथें आपण दिसलों नाहीं, तर संध्याकाळीं कोणी तरी विचारपूस करतेंच. सोबती आपल्याच बळाचा असावा, म्हणजे चढाओढ न होतां चाल सारखी राहते.

नेम चुकतो त्या दिवशीं

आतां सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळूं. कारण बहुतेक नेम येथेंच बुडतात.

नेम चुकणार, हें आधींच धरून चालावें. श्रावणांत झड लागेल, घरीं पाहुणे येतील, ताप येईल, दिवाळींत गांवीं जावें लागेल, मार्चमध्यें परीक्षा येईल. ज्या दिवशीं नेम प्रथम चुकतो, त्या दिवशीं शरीराचें कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें मन. 'एकदां मोडला तो मोडलाच' असें तें म्हणूं लागतें, आणि एका दिवसाच्या चुकीसाठीं सबंध वर्षाचा संकल्प फांसावर चढवितें.

लंडनमधील एका विद्यापीठांत ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० सालीं छापून आला. प्रत्येकानें खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एक नवी गोष्ट रोज ठराविक खुणेनंतर, जसें न्याहारी झाल्यावर, बारा आठवडे करावयाची होती. ती गोष्ट अंगवळणी पडण्यास कोणास १८ दिवस, तर कोणास हिशोबानें २५४ दिवस लागणार असें दिसलें. मध्यम मान ६६ दिवसांचें निघालें. पेलाभर पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टीहून व्यायामाची संवय जडण्यास अधिक दिवस लागले. परंतु त्या अभ्यासांतील सर्वांत दिलासा देणारी गोष्ट ही कीं, मध्येंच एखादा दिवस चुकल्यानें संवय जडण्याच्या कामांत म्हणण्यासारखा व्यत्यय आला नाहीं. नेम चुकणें वेगळें आणि नेम मोडणें वेगळें. चुकतो तो एका दिवसानें. मोडतो तो आपल्या निराशेनें.

ह्यासाठीं दोन उपाय सुचवितों. पहिला उपाय, लहान नेम. मोठ्या नेमाच्या पोटांत पांच मिनिटांचा एक लहान नेम आधींच ठरवून ठेवावा: दहा बैठका, भिंतीवरचे दहा जोर, आणि जागच्या जागीं दोन मिनिटें पाय उचलून चालणें. पाऊस असो, पाहुणे असोत, उद्यां परीक्षा असो. लहान नेमास खोलीचा एक कोपरा पुरतो. मुलींनीं महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत शरीर सोसेल तितकें हलकें चालणें ठेवल्यास कांहीं अपाय नाहीं. अंग दुखत असल्यास विश्रांति घ्यावी, व तीही नेमांतीलच समजावी. तापांत मात्र लहान नेमही नको.

दुसरा उपाय, लागोपाठ दोन दिवस चुकूं न देणें. आज चुकलें तर वहींत रेघ न मारतां 'आज नाहीं' एवढेंच लिहावें, आणि उद्यां काय करणार तें त्याच ओळींत लिहून ठेवावें. मोठ्या आजारानंतर किंवा लांब सुटीनंतर परत येतांना पूर्वींच्या मानाच्या निम्म्यावर यावें, व दोन आठवड्यांत पुनः वर चढावें. डॅलसच्या त्या पांच गृहस्थांस तीस वर्षांनीं परत येतां आलें; मग आपणांस दिवाळीच्या सुटीनंतर कां येऊं नये?

पालकांस विनंति

हा लेख आपल्या पाल्यांच्या हातून आपल्यापर्यंत येईल, म्हणून आपणांसही दोन शब्द सांगण्याची परवानगी घेतों.

दहावीचें वर्ष आलें, कीं पुष्कळ घरांतून प्रथम खेळ बंद होतो. हेतु चांगला असतो; परंतु ज्या वर्षीं मुलाच्या मनावर सर्वांत अधिक भार असतो, त्याच वर्षीं तो भार हलका करणारें साधन आपण काढून घेतों. अर्ध्या तासाच्या खेळानें अभ्यास बुडत नाहीं. खेळून आलेलें मूल अधिक स्वस्थपणें बसतें, व रात्रीं लवकर झोंपी जातें. मुलींच्या बाबतींत तर खेळ ह्याहूनही आधीं थांबतो. 'आतां मोठी झालीस, उड्या कसल्या मारतेस?' हें वाक्य किती घरांत बोललें गेलें असेल! वर दिलेले ७८ आणि ८५ हे आंकडे पुनः एकदां पाहावे. त्यांतील सात आंकड्यांच्या अंतरांत असलीं वाक्यें लपलेलीं नसतील, असें आम्हांस म्हणवत नाहीं. हाडांचा सांठा वाढत्या वयांत जितका भरला जातो, तितका पुढें कधींच भरला जात नाहीं. तो ह्याच वर्षांत भरावयाचा असतो.

आणि शेवटची विनंति ही कीं, मुलांस नुसतें बाहेर पाठवूं नये. शक्य असेल तेव्हां त्यांच्याबरोबर चालावें. 'ऊठ, व्यायाम कर,' ह्या आज्ञेपेक्षां 'चल, आपण जाऊं,' हें निमंत्रण अधिक चालतें. त्या वाटेवर जें बोलणें होईल, तें प्रगतिपुस्तकावर सही करतांना होणाऱ्या बोलण्याहून निराळें असेल.

उपसंहार

कराडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत कुस्ती खेळले. मातींत घडलेल्या त्या मल्लास तेथें गादीवर लढावें लागलें, आणि त्यांचा क्रमांक सहावा आला. तेथेंच तें पान उलटून टाकतां आलें असतें. परंतु पुढील चार वर्षें त्यांचा नेम चालूच राहिला, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. जग त्या एका दिवसाचें पदक पाहतें. मधल्या चार वर्षांतील सकाळी मात्र कोणीं मोजल्या नाहींत. आपणांपैकीं पदक मिळविणारे थोडेच असतील; पण त्या न मोजलेल्या सकाळी आपणां प्रत्येकाच्या आवांक्यांत आहेत.

तेव्हां मित्रहो, पेन्सिल जवळ असेल, तर ह्या पानाच्या समासांतच तीन गोष्टी लिहा: कोणत्या कामानंतर, कोठें, आणि किती मिनिटें. मिनिटांचा आंकडा दहाहून मोठा नको. आणि त्याखालीं चवथी ओळ लिहा: 'चुकलें तर उद्यां पुनः.' पहिल्या तीन ओळींनीं नेम सुरू होईल. चवथीनें तो टिकेल.

पुढील वर्षीं हा अंक आपल्या हातीं येईल, तेव्हां आपल्या वहींत 'आज नाहीं' अशा ओळी किती आहेत, हें आम्ही विचारणार नाहीं. त्या प्रत्येक ओळीखालीं दुसऱ्या दिवसाची तारीख आहे कीं नाहीं, एवढेंच विचारूं. ती असो, अशी सदिच्छा प्रगट करून आम्ही वाचकांची रजा घेतों.